हमिंग घालवा, तिसरी पिन नको

गाणे बंद, आवाजाची कळ शून्यावर, तरीही स्पीकरमधून खालच्या पट्टीत घूंऽऽ सुरूच. असे झाले की त्यावरचा एक हमखास उतारा सगळ्यांना ठाऊक असतो: ॲम्प्लिफायरच्या प्लगमधली जाड पिन काढून टाका. दुकानदार सांगतो, मंडपाचा साउंडवाला सांगतो, कधी वायरमनच तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा ॲडॉप्टर चढवून देतो. पंचाईत अशी, की हा उतारा बऱ्याचदा लागू पडतो. हमिंग त्याच क्षणी थांबते, घरातले खूश होतात आणि विषय संपतो. तो तिथे संपू नये, असे माझे म्हणणे आहे. हमिंग घालवण्यासाठी अर्थिंगची तार तोडणे हा भलत्याच जागी केलेला इलाज आहे. तोडायचा असतो तो गाणे वाहून नेणाऱ्या केबलमधला रस्ता, आणि तो थोड्या पैशांत, कुणाच्या जिवावर न बेतता तोडता येतो. छत्रपती संभाजीनगर हे कातळावर वसलेले, पाण्याची कायम ओढाताण असलेले आणि घरोघरी इन्व्हर्टर व लोखंडी कूलर बाळगणारे शहर. इथे तिसऱ्या पिनेशी खेळ करणे इतर ठिकाणांपेक्षा जास्त महागात पडू शकते.

आधी हा आवाज नीट ऐकू. आपल्याकडची वीज २३० व्होल्टची आणि ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तने पुरी करणारी. ती ऑडिओच्या केबलमध्ये शिरली तर ५० हर्ट्झचा खोल, गोल घुमारा येतो. लहान स्पीकरला तो धड वाजवताही येत नाही. तिथे त्याच्या दुप्पट-तिप्पट कंपनांचे स्वर तेवढे कानावर पडतात. ॲम्प्लिफायरच्या पोटात एसीचे डीसी करताना प्रत्येक आवर्तनाचे दोन्ही अर्धे वापरले जातात, म्हणून तिथला फिल्टर कपॅसिटर उष्णतेने आणि वयाने सुकला की येणारी गुणगुण १०० हर्ट्झची असते. आवाजाची कळ फिरवून पाहावी: गुणगुण तेवढीच राहिली तर दोष कळीच्या पुढच्या भागात, बहुधा पॉवर सप्लायमध्ये, कळीबरोबर वाढली-घटली तर ती बाहेरून, केबलमार्गे येते आहे. पंख्याचा रेग्युलेटर किंवा दिव्याचा डिमर फिरवल्यावर बदलणारी झर्र वेगळी आणि आवाज फार चढवल्यावर ऐकू येणारी बारीक सूंऽऽ वेगळी. ती सूंऽऽ कोणत्याही यंत्रात थोडीफार असतेच, तिच्यामागे लागण्यात अर्थ नाही. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याला मात्र १०० हर्ट्झ विशेष छळतो. गायकाचा षड्ज काळी एक, म्हणजे सुमारे १३८.६ हर्ट्झ धरला, तर तानपुऱ्याच्या पहिल्या तारेवरचा मंद्र पंचम १०४ हर्ट्झच्या आसपास येतो. शंभराची गुणगुण त्याच्या जरा खाली, धड पंचम नाही आणि तीव्र मध्यमही नाही. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला चारेक हेलकावे पडतात. महागडे स्पीकर घेऊनही तानपुरा उतरल्यासारखा का वाटतो, याचे उत्तर कधी कधी इतके साधे असते.

घरगुती संचात सर्वांत जास्त आढळणारे कारण यंत्राच्या आत नसतेच. ॲम्प्लिफायर एका बोर्डावर, संगणक किंवा टीव्ही दुसऱ्या बोर्डावर, दोघांनाही तीन पिनांचे प्लग, आणि दोघांना जोडणारी लाल-पांढऱ्या टोकांची केबल. या केबलचे बाहेरचे जाळीदार आवरण दोन्ही यंत्रांच्या धातूच्या अंगाला जोडलेले असते. म्हणजे एक वर्तुळ पुरे झाले: एका यंत्राकडून भिंतीतल्या हिरव्या तारेने दुसऱ्याकडे, आणि तिथून केबलच्या आवरणातून परत. घरातले फ्रिज, वॉशिंग मशीन, संगणकाचे पॉवर सप्लाय हिरव्या तारेत थोडा थोडा प्रवाह सोडतच असतात. त्यामुळे दोन बोर्डांच्या अर्थमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक पडतो, तो या वर्तुळातून वाहतो आणि ॲम्प्लिफायर त्यालाही गाणेच समजून मोठे करतो. घरगुती यंत्रे एकमेकांना देतात तो संकेत साधारण ०.३ व्होल्टचा; त्यात तीन मिलिव्होल्टची भेसळ म्हणजे शंभरावा हिस्सा. ढोलकी वाजत असताना ती दडते, आलापीत दडत नाही. टर्नटेबलच्या सुईकडून येणारा संकेत तर पाचेक मिलिव्होल्टचाच, म्हणून तबकड्यांच्या शौकिनांना हा जाच सर्वाधिक. केबल टीव्हीची तार त्यात आणखी भर घालते. ती खांबांवरून, गच्च्यांवरून येते, तिचे आवरण भलत्याच इमारतीत जमिनीला टेकलेले असते, आणि सेट-टॉप बॉक्स होम थिएटरला जोडला की दोन इमारतींच्या अर्थमधला फरक तुमच्या दिवाणखान्यात वाजू लागतो.

पिन काढली की वर्तुळ तुटते, म्हणून हमिंग थांबते. यात जादू काही नाही. पण वर्तुळाचे दोन भाग होते आणि आपण नेमका जिवाची राखण करणारा भाग तोडला. भारतीय मानकाप्रमाणे बनलेल्या प्लगची अर्थिंगची पिन इतर दोघींपेक्षा लांब आणि जाड असते ती उगाच नव्हे. प्लग खुपसताना ती सर्वांत आधी जोडली जावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी, हा त्यामागचा हिशेब. ॲम्प्लिफायरच्या आत फेजची तार सुटून धातूच्या डब्याला टेकली, तर प्रवाहाला जमिनीकडे सोपी वाट मिळावी आणि फ्यूज किंवा एमसीबीने वीज तोडावी, एवढेच या पिनेचे काम. ती नसेल तर डबा गप्प राहतो, २३० व्होल्ट अंगावर बाळगून, कुणाचा हात लागेपर्यंत. त्यातही केबलचे आवरण डब्याला जोडलेले असल्याने तोच दाब टर्नटेबलवर, मायक्रोफोनवर, गिटारच्या तारांवर जाऊन पोहोचतो. ‘यार्डबर्ड्स’ या इंग्रजी वाद्यवृंदाचा गायक कीथ रेल्फ १९७६ मध्ये आपल्या घरी गिटार वाजवताना विजेच्या धक्क्याने गेला. अर्थिंग धड नव्हती. त्याआधी १९७२ मध्ये स्वान्सी इथे लेस्ली हार्वी हा गिटारवादक मंचावर मायक्रोफोनला हात लागताच गेला. आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०१९ ते २०२१ या वर्षांच्या अहवालांत विजेच्या धक्क्याने झालेले मृत्यू दरवर्षी बारा हजारांहून अधिक आहेत. त्यांत शेतातले, खांबावरचे, कारखान्यातले मृत्यू आले, ॲम्प्लिफायरचा वाटा नगण्य असणार. पण अर्थिंग ही ऐच्छिक बाब आहे, हा समज यांतल्या काहींच्या मागे तरी उभा असतो, आणि पिन काढून हमिंग घालवण्याचा सल्ला तो समज पक्का करतो.

आता शहराकडे वळू. वेरूळचे कैलास लेणे वरून खाली कोरत नेता आले, कारण इथला बेसाल्ट अखंड आणि भक्कम आहे. तोच दगड शहराखालीही आहे. वर कुठे मुरूम, कुठे काळी माती, आणि बऱ्याच वस्त्यांत थोडे खणले की पहार खणखणते. अर्थिंगसाठी हा दगड वाईट. ओल्या काळ्या मातीतून वीज सहज पसरते, कोरडा कातळ तिला शेकडो पटींनी अडवतो. अर्थिंगच्या मानकात, म्हणजे आयएस ३०४३ मध्ये, किमान अडीच मीटर लांबीचा पाइप उभा पुरायला सांगितला आहे. इथे अनेक ठिकाणी तेवढे खणणे म्हणजे ब्रेकर बोलावणे. मग पाइप कापून आखूड केला जातो, भोवती कोळसा आणि मीठ टाकले जाते, वर सिमेंटचे झाकण बसते आणि त्या खड्ड्याकडे पुन्हा कुणी बघत नाही. उन्हाळ्यात तिथे पाणी ओतत राहावे लागते, हे जुने वायरमन सांगतात आणि बरोबरच सांगतात. पण जायकवाडीचा नाथसागर पन्नासेक किलोमीटरवर असून ज्या शहरात वर्षानुवर्षे नळाला काही दिवसांआड पाणी येते, तिथे अर्थिंगच्या खड्ड्यात बादली ओतायला कोण तयार होईल?

याचा परिणाम आकड्यांत मांडता येतो. अर्थिंगचा रोध दोन ओहम असेल, तर फेज डब्याला टेकताच ११५ च्या आसपास अँपिअर वाहू पाहतात आणि १६ अँपिअरचा एमसीबी पडतो. रोध ५० ओहम झाला, तर प्रवाह जेमतेम साडेचार अँपिअर. एमसीबीला ती एखादी इस्त्री वाटते. तो पडत नाही आणि डब्यावर दाब तसाच राहतो. जुन्या घरांत आणखी एक गोष्ट घडली आहे. एकेकाळी अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपला गुंडाळण्याची पद्धत होती. पुढे दुरुस्तीत पाइप प्लॅस्टिकचे झाले, तार मात्र तिथेच गुंडाळलेली राहिली, कशालाच न जोडलेली. अशा घरात प्रत्येक बोर्डाला तिसरे भोक आहे, हिरवी तार आहे, आणि ती सगळी मिळून हवेत लोंबकळते आहे. परिणामी कूलरमध्ये फेज अंगाला लागली, तर तो दाब हिरव्या तारेवरून फ्रिजवर, वॉशिंग मशीनवर आणि ॲम्प्लिफायरवरही पसरतो. भारनियमनाच्या काळात घाईने बसवलेल्या इन्व्हर्टरच्या लाइनींनी गोंधळ वाढवला: फेज वेगळी ओढली, न्यूट्रल जुनीच जोडली, अर्थची तार बहुतेकदा ओढलीच नाही. वीज गेल्यावर गोल घूं जाऊन कर्कश घरघर सुरू होते ती स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरमुळे, हे खरे. पण त्या वेळी तुमचा संच अर्थिंगशिवाय चालला आहे का, हे तपासण्याची तीच वेळ.

इथे एक प्रामाणिक हरकत घ्यायला हवी, आणि ती विजेचे शास्त्र जाणणारेच घेतील. हमिंग हे अर्थिंगचे मापक नाही. अर्थिंग उत्तम असलेल्या घरात वर्तुळ तयार झाले तर संच घुमतो, आणि अर्थिंग अजिबात नसलेल्या घरात तो शांतही असू शकतो. बरोबर आहे, म्हणूनच अंगणात नवा खड्डा खणून हमिंग जाईल अशी आशा कुणी धरू नये. त्या वर्तुळाचा जमिनीखालच्या पाइपशी फारसा संबंध नसतो. पण दोन खुणा अशा आहेत ज्या कानाला आणि हाताला सरळ कळतात. ॲम्प्लिफायरच्या धातूच्या अंगाला बोट लावल्यावर हमिंग कमी-जास्त होत असेल, किंवा त्या वेळी बोटाला मुंग्या येत असतील, तर हिरवी तार कुठेतरी तुटलेली असण्याची शक्यता मोठी. केबल टीव्हीची पिन लावताना ती हाताला चावत असेल, तर कुणाची तरी गळती तुमच्या हातातून वाट शोधते आहे. अशा वेळी बोटाने पुन्हा पुन्हा खात्री करून घेऊ नये, प्लग काढावा आणि वायरमनला बोलवावे. मल्टीमीटरवर फेज आणि अर्थ यांत २३० च्या आसपास आणि न्यूट्रल व अर्थ यांत दोन-तीन व्होल्टांच्या आत आकडा यायला हवा. मात्र न्यूट्रल-अर्थमध्ये नेमके शून्य आले तर हुरळून जाऊ नये. अर्थिंग नसलेल्या घरात बोर्डाच्या आतच न्यूट्रलची तार अर्थच्या भोकाला जोडून देण्याची चलाखी केली जाते. मीटरला सगळे ठीक दिसते, आणि ज्या दिवशी न्यूट्रल तुटते त्या दिवशी घरातले प्रत्येक धातूचे अंग फेज होते. शिवाय न्यूट्रलचा काही प्रवाह अर्थच्या वाटेने वाहू लागल्याने हमिंग उलट वाढते.

दुसरी हरकत जपानी यंत्रांच्या चाहत्यांची: आमच्या ॲम्प्लिफायरला कंपनीनेच दोन पिना दिल्या आहेत, मग आम्ही काय वेडे? नाही. त्या यंत्राच्या मागे चौकोनात चौकोन असे चिन्ह असेल, तर त्याचे आतले वेष्टण दुहेरी आहे आणि त्याला अर्थची गरज नाही. तीन पिनांच्या यंत्राची पिन काढल्याने ते वेष्टण आपोआप दुहेरी होत नाही, एवढाच फरक. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेल्या रिसीव्हरबाबत तर आणखी सावध राहावे: २३० चे ११० करणारा स्वस्त ट्रान्सफॉर्मर बहुतेकदा ऑटो-ट्रान्सफॉर्मर असतो, त्यात आत येणारी आणि बाहेर जाणारी वीज एकमेकींपासून तुटलेली नसते, आणि दोन पिनांच्या अशा डब्यात अर्थची वाट तिथेच संपते. तिसरी हरकत सर्वांत जुनी, की वीस वर्षे असेच चालले आहे, काही झाले नाही. तिचे उत्तर देण्यात दम नाही असे वाटते. हेल्मेटच्या बाबतीतही हे शहर हेच म्हणते.

गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी बसवला की अर्थिंग कशाला हवी, असे विचारणारे मात्र मुद्द्याच्या जवळ आहेत. तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी ही कातळावरच्या घरांसाठी खरोखर वरदान ठरावी अशी गोष्ट आहे. एमसीबीला न कळणारी साडेचार अँपिअरची गळती त्याला डोंगराएवढी दिसते; अर्थिंगचा रोध ५० ओहम काय, दोनशे ओहम असला तरी तो पडतो. दोन-तीन हजारांच्या आसपास येणारी ही वस्तू महागड्या स्पीकर-केबलच्या किमतीत सहज बसते. फक्त, हिरवी तार मुळीच जोडलेली नसेल तर गळतीला वाट मिळत नाही, आणि आरसीसीबीला खबर लागते ती माणसाचा हात लागल्यावरच. जीव बहुधा वाचतो, पण धक्का बसतोच. म्हणून दोन्ही हवेत: कातळात जेवढी साधेल तेवढी अर्थिंग आणि तिच्या उणिवेवर आरसीसीबी.

आणि हमिंगचे काय? ते घालवायला पैसे शेवटी लागतात, आधी नाही. ॲम्प्लिफायरच्या विजेची आणि स्पीकरची तार सोडून बाकी सगळ्या केबली काढाव्यात. तो शांत झाला तर एकेक जोडत जावे, जिच्यामुळे घूं परत आली तीच वाट दोषी. लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवून पाहावा. सेट-टॉप बॉक्समागची केबलची तार उपसून पाहावी. सर्व यंत्रे एकाच बोर्डावरून, एकाच चांगल्या एक्स्टेन्शनवरून चालवली तर वर्तुळ इतके आखूड होते की अनेक घरांत प्रश्न तिथेच मिटतो. ऑडिओ संचाचा भार अशा एक्स्टेन्शनला सहसा जड नसतो, फक्त त्यावर गिझर किंवा इस्त्री लावू नये. टर्नटेबलची बारीक सुटी तार ॲम्प्लिफायरमागच्या स्क्रूला कसायची राहिली आहे का, तेही बघावे. ही चूक फार होते. टीव्हीचा आवाज ॲम्प्लिफायरला द्यायचा असेल तर ऑप्टिकल केबल वापरावी. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. काही शे रुपयांत वर्तुळ कायमचे तुटते आणि अर्थिंगला धक्का लागत नाही. जिथे तारच हवी तिथे केबलच्या मध्ये बसणारा छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आहे; अगदी स्वस्तातला घेतला तर खर्ज थोडा खातो, त्यामुळे बरा घ्यावा. एवढे सगळे करूनही गुणगुण तशीच असेल आणि ती कळीला दाद देत नसेल, तर कपॅसिटर बदलायला यंत्र कारागिराकडे न्यावे. सोन्याचा मुलामा दिलेली टोके, हजारोंचे पॉवर कंडिशनर, जाडजूड मेन केबल यांची पाळी या रांगेत येतच नाही. अर्थचे वर्तुळ त्यांच्यामुळे तुटत नाही, आणि तुटत असेल तर कंडिशनरने तुमची अर्थिंगच तोडली आहे का ते आधी विचारावे.

भाडेकरूची अडचण खरी आहे. घरमालक भिंत फोडू देणार नाही, खड्डा खणू देणार नाही. पण ऑप्टिकल केबल, एकच एक्स्टेन्शन आणि आयसोलेटर यांना कुणाची परवानगी लागत नाही, आणि पिन काढण्याचे निमित्त त्यातून उरत नाही. बाकी जबाबदारी इतरांची. होम थिएटर घरी येऊन जोडून देणाऱ्या दुकानांना बोर्डात सॉकेट टेस्टर लावून अर्थ आहे का एवढे पाहायला दोन मिनिटे लागतात. अर्थ नसेल तर बिलावर तसे लिहून द्यावे. नवीन वीजजोडणीच्या वेळी परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट महावितरणला द्यावा लागतो, पण त्यानंतर घर चाळीस वर्षे उभे राहिले तरी अर्थिंग पुन्हा मोजण्याचा प्रसंग बहुतेक घरांवर येत नाही. सिडकोतल्या जुन्या घरांपासून बीड बायपासच्या नव्या सोसायट्यांपर्यंत लिफ्टची आणि टाकीची वार्षिक देखभाल होते. त्याच यादीत अर्थिंगची मोजणी घालायला खर्च फार नाही. ती करायची तर मे महिन्यात करावी. गणपतीच्या सुमारास, जमीन भिजलेली असताना मिळणारा आकडा सुखावणारा असतो. त्याच खड्ड्याचा मेमधला आकडा त्याच्या काही पट निघू शकतो, आणि पाण्याने भरलेले लोखंडी कूलर घरोघरी चालतात ते मेमध्येच.